राबणाऱ्या शरीराला व्यायाम हवा, की विसावा?

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे गाड्या लागल्या की हमालांची धावपळ सुरू होते. पाठीवर पोतं घ्यायचं, कमरेत वाकून फळीवरून उतरायचं, गाळ्यात थप्पी लावायची आणि रिकाम्या पाठीनं पुन्हा गाडीकडे यायचं. अशा माणसाचा रक्तदाब वाढलेला निघाला, तर दवाखान्यात त्याला बहुधा तेच सांगितलं जातं जे बँकेतल्या कारकुनाला सांगतात: मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला. ऐकणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न उठतो. दिवसभर अंग मोडून करतो ते काम म्हणजे व्यायाम नव्हे का? आणि नसेल, तर त्यावर आणखी व्यायाम चढवल्यावर शिणलेलं शरीर भरून निघायचं कधी?

हा प्रश्न एकट्या हमालाचा नाही. ऊसतोड कामगार, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, रुग्णालयातल्या परिचारिका, सफाई कामगार, अग्निशामक, घरोघरी पार्सल पोचवणारी मुलं अशा सगळ्यांचा तो आहे. गेल्या सत्तर वर्षांत त्यावर बरंच संशोधन झालं आणि उत्तराचा रोख बदलत गेला.

बसचे कंडक्टर आणि बंदरावरचे कामगार

कामामुळे शरीर झिजतं, हे निरीक्षण जुनं आहे. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात ओझं वाहणाऱ्यांपासून लेखनिकांपर्यंत अनेक धंद्यांची दुखणी नोंदली आहेत. कामातल्या हालचालीनं हृदय वाचतं, हा विचार मात्र विसाव्या शतकातला.

१९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक कामगारांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी त्यांच्या हाताशी होत्या. दुमजली बसचा ड्रायव्हर पाळीभर बसून राही, तर कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढे. दोघं एकाच गाडीवर, एकाच शहरात काम करत, तरी हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. टपाल खात्यातही तोच नमुना दिसला. पायी-सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर राल्फ पॅफेनबार्गर यांनी ६,३५१ कामगारांचा २२ वर्षं मागोवा घेतला. जड माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू हलकं काम करणाऱ्यांपेक्षा बरेच कमी निघाले. १९७५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि कष्टकऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, ही समजूत पक्की झाली.

या पायातला एक कच्चा दगड मॉरिस यांनी स्वतःच दाखवला होता, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारं आहे. १९५६ साली त्यांनी गणवेशांच्या मापांचा अभ्यास केला. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती. म्हणजे दोन गटांमधला काही फरक कामामुळे पडलेला नसून मुळातच वेगळ्या बांध्याची माणसं वेगळ्या कामावर लागत असावीत. निवडीचा हा गुंता आजही प्रत्येक अभ्यासाच्या मागे लागलेला आहे.

तालमीत काय होतं?

महाराष्ट्रात कष्ट आणि कसरत यांची सांगड कागदावरच्या संशोधनाआधीच घातली गेली होती. गिरणगावात पाळी सुटल्यावर व्यायामशाळेत जाणारे, कबड्डीच्या मैदानावर उतरणारे कामगार होते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या कामगार केसरी कुस्ती स्पर्धेनं ही परंपरा पुढे नेली.

पण कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाचा दिनक्रम नीट पाहिला, तर मेहनतीइतकंच दुसरंही काही नजरेत भरतं. पहाटे जोर-बैठका आणि लढती, मग थंडाई, जेवण, मालिश, दुपारची गाढ झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. खुराकाची सोय कुणीतरी केलेली असते: घर, गाव, एके काळी संस्थान. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्यानं पैलवानाला मेहनतीनंतरची सवडही मिळाली. आठ तास साच्यावर उभा राहून तालमीत येणाऱ्या कामगाराला हौदा तोच मिळायचा, दुपारची झोप मात्र नाही. आजच्या सगळ्या वादाचा गाभा या फरकात आहे.

विसाव्याचा हक्क तर भांडूनच मिळाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याचे ४८ तास ही कमाल मर्यादा ठरवली आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. शेतमजूर, ऊसतोड कामगार किंवा कंत्राटी बिगारी यांच्यापर्यंत या तरतुदी फारशा पोचल्या नाहीत.

कोपनहेगनचं कोडं

जुन्या समजुतीला मोठा धक्का डेन्मार्कमधून बसला. तिथल्या राष्ट्रीय कार्यपरिस्थिती संशोधन केंद्रातले आंद्रेयास होल्टरमान आणि सहकाऱ्यांनी कोपनहेगन परिसरातल्या एक लाख चार हजार प्रौढांची माहिती तपासली. निष्कर्ष २०२१ साली ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये आले. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. कामावर अतिशय कष्ट करणाऱ्यांमध्ये तोच धोका २७ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याआधी २०१८ साली पीटर कुनन आणि इतरांनी १७ अभ्यासांची गोळाबेरीज केली होती. तिच्यात अतिकष्टाचं काम करणाऱ्या पुरुषांचा धोका १८ टक्क्यांनी अधिक दिसला. स्त्रियांमध्ये तशी वाढ आढळली नाही.

चालणं दोन्हीकडे चालणंच आणि उचलणंही उचलणंच. मग एकीकडे तारणारी हालचाल दुसरीकडे का मारते? होल्टरमान यांच्या गटानं दिलेली कारणं शरीराच्या साध्या व्यवहारातून समजतात. अर्धा तास पळणाऱ्याचे ठोके जोरात वाढतात, हृदयाला ताण बसतो आणि नंतरचे साडेतेवीस तास ते पूर्वीपेक्षा संथ चालतं. आठ तास ओझी वाहणाऱ्याचे ठोके दिवसभर थोडे चढे राहतात. हृदय मजबूत व्हावं एवढा हा ताण तीव्र नसतो, पण उसंत मिळावी इतका आखूडही नसतो. जड वस्तू उचलताना किंवा वाकून एकाच स्थितीत राहताना रक्तदाब उसळतो. दिवसात शेकडो वेळा असं झालं, की रात्रीही तो पुरता खाली येत नाही. त्यात कामाचा वेग स्वतःच्या हातात नसतो. पळणारा दमला की थांबतो, कामावरचा माणूस पाळी संपल्यावर थांबतो.

कार्यशरीरशास्त्रात एक जुना ठोकताळा आहे. आठ तासांच्या कामात सरासरी श्रम माणसाच्या कमाल दमाच्या साधारण एकतृतीयांशापलीकडे जाऊ नयेत. याच ठोकताळ्यातून व्यायामाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद निघतो. दम वाढला, तर तेच पोतं तुलनेनं हलकं होतं. तिशीनंतर दर दशकात हा दम सुमारे दहा टक्क्यांनी घटत जातो आणि पोत्याचं वजन तेवढंच राहतं. म्हणून पंचविशीत झेपलेलं काम पन्नाशीत त्याच माणसाला मर्यादेबाहेर नेतं.

आक्षेप घेणारे

हे कोडं मुळात खरं आहे का, याबद्दल मतभेद आहेत, आणि आक्षेप वजनदार आहेत. कष्टाचं काम करणाऱ्याचं उत्पन्न कमी असतं, शिक्षण तुटलेलं असतं, तंबाखू-विडी जास्त असते, घर दाटीवाटीचं असतं आणि उपचार उशिरा मिळतात. आकडेमोडीत या गोष्टी वजा केल्या, तरी पूर्णपणे वजा होत नाहीत. शिवाय बहुतेक अभ्यासांत ‘तुमचं काम किती कष्टाचं?’ असा एकच प्रश्न विचारलेला असतो.

नॉर्वेमध्ये क्नुट आइरिक दालेने आणि सहकाऱ्यांनी चार लाखांहून अधिक लोकांची माहिती घेतली आणि शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान यांचा हिशेब जास्त बारकाईनं केला. २०२१ मध्येच ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये त्यांनी मांडलं, की हालचालीच्या कामावरचे पुरुष बैठं काम करणाऱ्यांपेक्षा थोडे अधिकच जगतात. शेजारच्या दोन देशांतून, एकाच वर्षात, जवळपास उलटी उत्तरं आली.

भारतासाठी तिसरा अभ्यास जास्त जवळचा ठरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ या अभ्यासात १७ देशांतले एक लाख तीस हजार लोक होते आणि त्या देशांमध्ये भारतही होता. काम, प्रवास, घरकाम यांतली हालचालही मृत्यूचा धोका कमी करते, असं त्यात दिसलं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मधुमेह सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचाही समावेश होता. त्याची आकडेवारी २०१४ साली आली. निम्म्याहून अधिक प्रौढ पुरेशी हालचालच करत नव्हते आणि फावल्या वेळेत व्यायाम करणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे इथं जी काही हालचाल होते, ती मुख्यतः कामातूनच. डेन्मार्कचे निष्कर्ष जसेच्या तसे बीड किंवा धुळ्याला लावणं त्यामुळे धोक्याचं आहे. ते सरसकट बाजूला सारणंही तितकंच धोक्याचं, कारण रक्तदाब आणि ठोके यांचा हिशेब देशागणिक बदलत नाही.

कामाच्या वेळेतला व्यायाम

वाद एका बाजूला ठेवून काहींनी प्रत्यक्ष प्रयोग केले. त्यांतून हाती आलेलं ज्ञान अधिक उपयोगाचं आहे.

डेन्मार्कमधल्या कत्तलखान्यांत दिवसभर सुरी चालवणाऱ्या आणि खांदा, कोपर, मनगट कायम दुखणाऱ्या ६६ कामगारांचे दोन गट केले गेले. एका गटाला काम करण्याच्या योग्य पद्धतीचं मार्गदर्शन मिळालं. दुसऱ्या गटाला आठवड्यातून तीनदा, फक्त दहा-दहा मिनिटं, हाता-खांद्याच्या ताकदीचे व्यायाम दिले. दहा आठवड्यांनी दुसऱ्या गटाच्या वेदना स्पष्टपणे कमी झाल्या. जो हात कामानं आधीच थकलेला, त्यालाच नेमका आणि थोडका ताण देऊन तो सुधारला, हे अनेकांना अनपेक्षित होतं.

रुग्णालयांतल्या २०० महिला कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगात वेगळा प्रश्न तपासला गेला. व्यायाम तोच, रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्यांतल्या एका गटानं तो कामाच्या वेळेत, एकत्र, प्रशिक्षकासमोर केला, तर उरलेल्यांनी घरी सवडीनं. वेदना आणि ताकद या दोन्हींत पहिला गट पुढे राहिला. घरी गेल्यावर स्वयंपाक, मुलं आणि आजारी माणसं यांतून दहा मिनिटं काढणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या निकालाचं नवल वाटणार नाही.

तिसरा प्रयोग सावध करणारा आहे. ११६ सफाई कामगारांपैकी एका गटाला चार महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, दम वाढवणारा व्यायाम दिला. दम वाढला आणि विश्रांतीतले ठोकेही कमी झाले. पण चोवीस तासांचा वरचा रक्तदाब थोडा वर गेला, आणि ज्यांचं काम मुळातच त्यांच्या दमाच्या मानानं जड होतं, त्यांच्यात ही वाढ जास्त ठळक होती. एका बाजूनं क्षमता वाढत असतानाच एकूण भार मर्यादा ओलांडत होता. व्यायाम सुचवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं हा अभ्यास वाचायला हवा.

सैनिकी प्रशिक्षणातही असाच धडा मिळाला. अमेरिकेच्या मरीन दलातल्या नवशिक्यांचं धावण्याचं अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटवलं, तेव्हा हाडांना सूक्ष्म तडे जाण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं आणि तीन मैलांच्या वेळेत फरक पडला तो किरकोळ. अग्निशामकांचा मार्ग निराळा आहे. अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावणाऱ्या अग्निशामकांपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकारानं जातात. तिथं अधिकारी आणि कामगार संघटना यांनी मिळून १९९७ साली तंदुरुस्तीचा कार्यक्रम आखला. व्यायाम ड्युटीचाच भाग करण्याकडे त्याचा कल आहे. व्यायामानं दमलेल्या अवस्थेत भोंगा वाजला तर काय, यावर तिथं अजून चर्चा चालते.

भरून निघायला काय लागतं?

प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि कार्यस्वास्थ्याचे अभ्यासक यांच्यात काही गोष्टींवर साधारण एकमत आहे. कामात जे स्नायू दिवसभर राबले, त्यांना त्याच दिवशी जड व्यायाम देऊ नये. आठवड्यातून दोनदा, थोडका, ताकदीचा व्यायाम पुरतो, आणि तो सुट्टीच्या किंवा हलक्या कामाच्या दिवशी बरा. सकाळचे ठोके नेहमीपेक्षा चढे असतील, झोप मोडत असेल, पकड ढिली पडत असेल, तर व्यायाम टाळावा. इथपर्यंत फारसा वाद नाही. ताकद आधी की दम आधी, यावर मात्र दोन तट आहेत. वेदनांवर काम करणारे ताकदीकडे झुकतात, हृदयाकडे पाहणारे दमाकडे.

हे सगळं पोटात अन्न आणि डोळ्यांत झोप आहे असं धरून. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २,११० किलोकॅलरी लागतात, तर जड काम करणाऱ्याला ३,४७०. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत. ही तफावत भरून निघत नसेल, तर वरचा व्यायाम स्नायू घडवण्याऐवजी खाऊ लागतो.

ऊसतोडीच्या फडात या साऱ्या अटी एकत्र येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल टनांवर फेडायची असते. पहाटे तोड सुरू होते. पाचट सोलून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. बाई त्याआधी आणि त्यानंतर कोपीवर, म्हणजे झोपडीवर, चूल पेटवते, पाणी आणते. एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीच्या दुखण्यामुळे होणारा खाडा टाळण्याचा दबाव हे त्यामागचं एक कारण म्हणून चर्चेत आलं. अशा जीवनात ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला कुणाला द्यायचा, कामगाराला की कारखान्याला?

मध्य अमेरिकेनं या प्रश्नाला दिलेलं उत्तर महाराष्ट्रानं अभ्यासण्यासारखं आहे. तिथल्या ऊसतोड कामगारांमध्ये तरुण वयात मूत्रपिंडं निकामी होण्याची साथ होती. उष्णता आणि अतिश्रम ही त्याची प्रमुख कारणं मानली जातात. एल साल्वादोरमध्ये एका प्रयोगात कामगारांना पाठीवरच्या पिशव्यांतून पाणी, फडात हलवता येणारे सावलीचे तंबू, ठरलेल्या वेळी विश्रांती आणि सुधारित कोयता दिला गेला. दर माणशी तोड कमी होण्याऐवजी वाढली. पुढे निकाराग्वामध्ये विश्रांतीचा वेळ वाढवल्यावर मूत्रपिंडाच्या इजाही घटल्या. विसावा म्हणजे उत्पादनाचं नुकसान, हे गृहीत तिथं तरी टिकलं नाही.

मनाचाही यात वाटा आहे. मानहाइम विद्यापीठातल्या सबीने झोनेनटाग यांनी २०१८ साली एक विसंगती मांडली. ज्यांच्या कामाचा ताण सर्वाधिक, त्यांनाच विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, आणि नेमकं त्यांनाच ती घेणं सर्वांत अवघड जातं. दमलेला माणूस चालायला जात नाही, झोपही नीट घेत नाही. त्याला आळशी ठरवणं हा अन्याय आहे.

भार कमी करण्याची बाजू

आणखी एक मतप्रवाह म्हणतो, की कामगाराचं शरीर कामाला जुळवण्याआधी काम शरीराला जुळवा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ साली प्रौढ पुरुषानं हातानं वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा शिफारशीत घातली. महाराष्ट्रात एके काळी शंभर किलोची पोती सर्रास असत. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालची माथाडी चळवळ, १९६९ चा माथाडी कायदा आणि बाबा आढावांची हमाल पंचायत यांच्या लढ्यांतून वजन घटवण्याची मागणी पुढे रेटली गेली आणि ५० किलोच्या पोत्यापर्यंत गोष्ट आली. २०१८ पासून युरियाची गोणी ४५ किलोची झाली. होल्टरमान यांचा गटही अलीकडे याच दिशेनं बोलतो: बसणं, चालणं, उचलणं यांची अशी वाटणी करा, की काम करता करताच तब्येत सुधारेल. विचार आकर्षक आहे, पण मोठ्या प्रमाणावर तो किती साधतो याचा पुरावा तुटपुंजा आहे.

जे सुटलेलं नाही

स्त्रियांच्या बाबतीत ज्ञानात मोठी पोकळी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. घरातलं हे काम श्रमात धरायचं की हालचालीत, याचा निर्णय बहुतेक अभ्यासांनी घेतलेलाच नाही. हंगामी कामाचाही प्रश्न तसाच आहे. पाच-सहा महिने अतिश्रम आणि मग अनियमित मजुरी, या चक्राचा शरीरावरचा परिणाम वर्षभराच्या सरासरीत पुसला जातो.

कामाच्या तासांचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा रोजचे तास कमी करून माणसाला सावरायला वेळ देण्याचा विचार त्यामागे होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली आणि आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवले. समर्थकांच्या मते चार लांब दिवसांनंतर सलग तीन दिवस मोकळे मिळतील आणि विश्रांती, व्यायाम, गावाकडची कामं यांना जागा होईल. विरोधकांच्या मते बाराव्या तासाला पकड सुटते, लक्ष उडतं, अपघात होतात आणि रात्रभरात न उतरलेला थकवा दुसऱ्या दिवसावर चढतो. खुर्चीवर बसून केलेल्या कामात हे दोन्ही हिशेब कदाचित जवळपास येतील. भट्टीसमोर उभ्या असलेल्या किंवा दिवसभर गोण्या उचलणाऱ्या कामगाराच्या बाबतीत ते मोजायचे, तर त्याचा चोवीस तासांचा रक्तदाब, ठोके आणि झोप आठ तासांच्या आणि बारा तासांच्या पाळीत शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागेल. हे मोजण्याची साधनं आता मनगटावर मावतात. मोजणीची जबाबदारी मालकाची, सरकारची की संघटनेची, हे अजून ठरायचं आहे.